जुने इंजिन, दुसरा गिअरबॉक्स आणि टर्बोचार्जर: जोडणीमागचे गणित

१९६० आणि १९७० च्या दशकांतल्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक मोटारींमध्ये चार गिअरचा गिअरबॉक्स असे आणि त्याचा शेवटचा गिअर थेट, म्हणजे १:१ गुणोत्तराचा असे. अशी मोटार आजच्या महामार्गावर चालवताना दोन गोष्टी खटकतात. वेग वाढला की इंजिन सतत वरच्या फेऱ्यांवर ओरडत राहते आणि चढावर किंवा दुसऱ्या वाहनाला मागे टाकताना जोर कमी पडतो. पहिल्या तक्रारीवर उपाय म्हणून पाच गिअरचा नव्या पिढीतला गिअरबॉक्स बसवला जातो, तर दुसरीवर टर्बोचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र. ही दोन कामे अनेकदा स्वतंत्र समजून केली जातात आणि बऱ्याच चांगल्या इंजिनांचे नुकसान नेमके तिथेच होते. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे जाणारा फिरता दांडा) आणि डिफरन्शियल (मागच्या चाकांना गती वाटून देणारी गिअरची जोडणी) ही एकच साखळी आहे. तिच्यातला एक भाग बदलला की ताण नाहीसा होत नाही, तो पुढच्या किंवा मागच्या भागावर सरकतो, आणि बदल करणाऱ्याने तो कुठे गेला हे आधीच शोधून ठेवावे लागते.

सगळी गणिते एकाच इंजिनावर करणे सोयीचे ठरेल. आपण १.८ लिटरचे, चार सिलिंडरचे, कार्बोरेटरवर चालणारे, सुमारे ९० अश्वशक्तीचे आणि १४० न्यूटन-मीटर टॉर्कचे जुने पेट्रोल इंजिन समोर ठेवू. डिफरन्शियलचे गुणोत्तर ४.१ आणि टायर १८५/६५ आर १५ मापाचे आहेत असे मानू.

या टायरचा व्यास साधारण ६२२ मिलिमीटर येतो, म्हणून एका फेरीत चाक सुमारे १.९५ मीटर पुढे जाते. ताशी १०० किलोमीटर वेगाला चाकाच्या मिनिटाला सुमारे ८५५ फेऱ्या होतात. त्यांना ४.१ ने गुणले की प्रोपेलर शाफ्टच्या फेऱ्या मिळतात, त्या सुमारे ३,५००. चौथा गिअर थेट असल्याने इंजिनाच्या फेऱ्याही तेवढ्याच असतात. पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.८ असेल तर त्याच वेगाला इंजिन २,८०० फेऱ्यांवर येते. आवाज कमी होतो आणि एका किलोमीटरमागे इंजिनाची झीजही घटते. प्रोपेलर शाफ्ट मात्र पूर्वीइतकाच, ३,५०० फेऱ्यांनीच फिरत राहतो, कारण त्याचा वेग चाके आणि डिफरन्शियल ठरवतात, गिअरबॉक्स ठरवत नाही. हा मुद्दा पुढे कामाला येईल. तसेच २,८०० फेऱ्यांवर चढ आला आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर इंजिन कमी फेऱ्यांवर जास्त भार ओढू लागते, हेही ध्यानात असावे. टर्बो बसल्यावर सर्वांत धोकादायक ठरणारी स्थिती हीच आहे.

गिअरबॉक्स बसवताना

इंजिनाच्या मागच्या तोंडावरची बोल्टची छिद्रे आणि दुसऱ्या गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगची (क्लचभोवतीच्या घंटेच्या आकाराच्या कवचाची) छिद्रे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून मधे ॲडाप्टर प्लेट घातली जाते. ही साधारणपणे जाड ॲल्युमिनियमची पाटी असते. तिच्या एका बाजूची छिद्रे इंजिनाशी आणि दुसऱ्या बाजूची गिअरबॉक्सशी जुळतात. दिसायला हे साधे काम आहे, आणि त्यामुळेच त्यातला अवघड भाग नजरेतून सुटतो. बोल्ट दोन भागांना फक्त घट्ट आवळून धरतात. दोन भाग नेमके कुठे बसावेत हे डॉवेल पिन ठरवतात. क्रँकशाफ्टचा आस आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा आस एकाच सरळ रेषेत येणे ही या जोडणीची पहिली अट आहे, आणि बोल्टची छिद्रे कितीही सुबक पाडली तरी केवळ त्यांच्या भरवशावर ती पूर्ण होत नाही.

ही अट तपासण्यासाठी डायल गेज वापरतात. गेज फ्लायव्हीलवर (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकावरच्या जड चक्रावर) बसवून त्याचे टोक बेलहाउसिंगच्या मधल्या गोल छिद्राच्या कडेला टेकवायचे आणि क्रँकशाफ्ट हाताने पूर्ण एक फेरी फिरवायचा. काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकूण किती हलतो ते पाहायचे. अनेक आधुनिक गिअरबॉक्ससाठी ही हालचाल ०.१३ मिलिमीटरच्या आत असावी लागते. काट्याची एकूण हालचाल प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असते, म्हणजे दोन्ही आसांतले अंतर सुमारे ०.०६५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. त्याहून जास्त फरक आला तर केंद्र किंचित सरकवलेल्या खास डॉवेल पिन लावून तो दुरुस्त करता येतो. बेलहाउसिंगचे तोंड क्रँकशाफ्टला काटकोनात आहे की नाही, हेही याच गेजने तपासतात.

इतकी काटेकोर मोजणी अनेकांना अतिरेकी वाटते. तिची गरज क्लचप्लेटकडे पाहिले की पटते. आस जुळलेले नसतील तर प्रत्येक फेरीत क्लचप्लेटचा मधला भाग सूक्ष्म प्रमाणात इकडून तिकडे ओढला जातो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसेच काही हजार किलोमीटरनंतर प्लेटचे स्प्रिंग किंवा रिव्हेट निसटतात. त्याआधी गिअर पडताना अडखळू लागतात, इनपुट शाफ्टचे बेअरिंग आवाज करते आणि दोष गिअरबॉक्सवर ढकलला जातो. चांगला गिअरबॉक्स दोन-दोनदा उघडला जातो, पण चूक ज्या पाटीत आहे तिच्याकडे कोणी पाहत नाही.

यानंतर खोलीचे माप येते. ॲडाप्टर प्लेट जितकी जाड, तितका गिअरबॉक्स इंजिनापासून मागे सरकतो. इनपुट शाफ्टचे टोक क्रँकशाफ्टच्या मागच्या छिद्रातल्या पायलट बेअरिंगमध्ये पुरेसे शिरले पाहिजे, पण तळाला टेकता कामा नये. टोक टेकले तर बोल्ट आवळताना क्रँकशाफ्ट पुढे रेटला जातो आणि त्याचे थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे त्याचे पुढे-मागे सरकणे रोखणारे बेअरिंग, लवकर संपते. टोक अपुरे शिरले तर शाफ्टला पुढून आधारच राहत नाही. म्हणून इंजिनाच्या तोंडापासून पायलट बेअरिंगपर्यंतचे अंतर आणि गिअरबॉक्सच्या तोंडापासून शाफ्टच्या टोकापर्यंतचे अंतर ही दोन्ही मापे पाटी कापण्यापूर्वी घ्यावीत. बोल्टने ओढून बेलहाउसिंग बसवण्याची वेळ कधीही येऊ नये. योग्य जोडणीत गिअरबॉक्स हाताने ढकलून पूर्ण बसतो आणि बोल्ट नंतर लागतात.

क्लचप्लेट निवडताना एक साधा नियम उपयोगी पडतो. प्लेटचा बाहेरचा व्यास फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटप्रमाणे घ्यावा, तर मधल्या स्प्लाइन, म्हणजे खाचा, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टप्रमाणे. क्लच किती टॉर्क पेलेल याचा अंदाज घर्षणाच्या दोन पृष्ठभागांवरून, घर्षणांकावरून, प्रेशर प्लेटच्या दाबावरून आणि पृष्ठभागाच्या सरासरी त्रिज्येवरून येतो. दाब ४,५०० न्यूटन, घर्षणांक ०.३ आणि त्रिज्या ८५ मिलिमीटर धरली तर गुणाकार सुमारे २३० न्यूटन-मीटर येतो. आपल्या १४० न्यूटन-मीटरच्या इंजिनाला हे भरपूर आहे. टर्बोनंतर टॉर्क १९५ च्या आसपास गेला तर मात्र हीच राखीव क्षमता फारच तुटपुंजी उरते आणि क्लच घसरू लागण्याची शक्यता बळावते. जास्त दाबाची प्रेशर प्लेट हा सरळ उपाय आहे, पण तिच्यामुळे पेडल जड होते आणि पेडल दाबल्यावर तो सगळा जोर क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. जुन्या इंजिनांत हे बेअरिंग फारसे रुंद नसते. म्हणून गरजेपुरताच दाब वाढवावा आणि शक्य असेल तिथे मोठ्या व्यासाची प्लेट निवडावी.

स्टार्टर मोटारीचा विचार बहुतेक वेळा शेवटी केला जातो आणि तोच काम अडवतो. काही गाड्यांत स्टार्टर इंजिनाच्या बाजूने, तर काहींत बेलहाउसिंगच्या बाजूने बसतो. त्याच्या दात्यांचे माप फ्लायव्हीलवरच्या रिंग गिअरशी जुळलेच पाहिजे आणि पाटीच्या जाडीमुळे सरकलेले अंतरही भरून काढावे लागते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचा असेल तर फ्लायव्हीलच्या जागी फ्लेक्सप्लेट ही पातळ चकती येते आणि क्लचऐवजी तेलातून जोर पुढे देणारा टॉर्क कन्व्हर्टर. बोल्ट लावण्यापूर्वी कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट यांच्यामध्ये साधारण ३ ते ५ मिलिमीटर मोकळी जागा असावी लागते. ती नसेल तर कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या पुढच्या तेलपंपावर दाबला जातो आणि इंजिन सुरू होताच पंप फुटतो. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या ऑटोमॅटिकला स्वतंत्र नियंत्रक आणि थ्रॉटलची स्थिती सांगणारा सेन्सर लागतो. कार्बोरेटरच्या इंजिनावर हा सगळा पसारा उभा करण्याची तयारी नसेल तर हाताने बदलण्याचा गिअरबॉक्सच बरा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पुन्हा प्रोपेलर शाफ्टकडे येऊ. नव्या गिअरबॉक्सची लांबी वेगळी असल्याने शाफ्ट कापून घ्यावा लागतो किंवा लांब करावा लागतो, आणि त्यानंतर त्याचे संतुलन यंत्रावर तपासून घेणे टाळता येत नाही. शाफ्टला स्वतःचा एक घातक वेग असतो. त्या वेगाला पोहोचल्यावर तो मधून बाहेर फुगल्यासारखा थरथरतो आणि तुटूही शकतो. हा वेग लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, म्हणजे शाफ्ट थोडा लांब झाला तरी मर्यादा बरीच खाली येते. आपल्या गाडीत ताशी १६० किलोमीटरला शाफ्ट ५,६०० फेऱ्या करील, मग गिअरबॉक्स कोणताही असो. लहान गिअरबॉक्समुळे शाफ्ट लांब होत असेल तर जास्त व्यासाची नळी किंवा दोन तुकड्यांचा शाफ्ट वापरावा लागतो.

युनिव्हर्सल जॉइंटचा कोन हाही इथलाच प्रश्न आहे. कोनात फिरणारा जॉइंट पुढची गती एकसारखी देत नाही. प्रत्येक फेरीत दोनदा शाफ्ट किंचित पुढे धावतो आणि दोनदा मागे पडतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा जॉइंट तेवढ्याच कोनात पण उलट दिशेने असला की हा चढउतार पुसला जातो. म्हणून गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा पुढचा शाफ्ट एकमेकांना समांतर असावेत आणि प्रत्येक जॉइंटचा कोन १ ते ३ अंशांच्या दरम्यान राहावा. शून्य कोनही चांगला नाही, कारण मग जॉइंटमधल्या सुया एकाच जागी राहून तिथे खड्डे पाडतात. गिअरबॉक्स जागेत बसावा म्हणून त्याचा मागचा भाग मनाला येईल तसा वर-खाली करणारे लोक पुढे महिनोन्महिने कंपनाचे कारण शोधत बसतात. मागच्या माउंटखालचा आडवा सांगाडा कोन मोजल्यानंतरच वेल्ड करावा.

गिअर लिव्हरची जागा, स्पीडोमीटरची केबल आणि रिव्हर्स दिव्याचा स्विच ही कामे वेळ खाणारी आहेत, पण त्यांत गूढ काही नाही. तेलाबाबत मात्र एक सूचना आवश्यक आहे. गिअरबॉक्सच्या निर्मात्याने जीएल-४ दर्जाचे तेल सांगितले असेल तर त्याऐवजी डिफरन्शियलचे जीएल-५ भरू नये, कारण त्यातले गंधक आणि फॉस्फरस असलेले घटक गिअर जुळवून घेणाऱ्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना खाऊ शकतात.

टर्बोचार्जर: हवा, उष्णता आणि नॉकिंग

एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या उर्जेवर टर्बाइन फिरवून त्याच शाफ्टवरच्या कॉम्प्रेसरने इंजिनात जास्त हवा कोंबण्याची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ मध्ये पेटंटमध्ये मांडली. सर्वसामान्य ग्राहकाच्या मोटारीत ती १९६२ मध्ये आली, आणि त्या वर्षी जनरल मोटर्सच्या दोन विभागांनी एकाच अडचणीला दिलेली दोन वेगळी उत्तरे आजही शिकण्यासारखी आहेत. ओल्ड्समोबिल जेटफायरच्या ३.५ लिटर व्ही-८ इंजिनात १०.२५:१ हे उंच कॉम्प्रेशन गुणोत्तर (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण) तसेच ठेवले होते आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचे अवेळी आपोआप पेटणे, रोखण्यासाठी पाणी व मिथेनॉलचे मिश्रण हवेत फवारले जात असे. शेव्हरोले कॉर्व्हेअर मोंझा स्पायडरमध्ये कॉम्प्रेशन ८:१ पर्यंत खाली आणले होते. जेटफायरच्या अनेक मालकांनी त्या मिश्रणाची टाकी वेळेवर भरलीच नाही आणि ती गाडी १९६३ नंतर बंद झाली. रोज कोणीतरी आठवणीने भरावी लागणारी गोष्ट इंजिनाच्या सुरक्षेचा पाया असू नये, हा त्यातून निघणारा धडा मला फार मोलाचा वाटतो.

अडचण नेमकी कोणती, हे तापमानाच्या हिशेबातून समजते. हवा दाबली की तापते. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस असेल, टर्बो वातावरणाच्या वर ०.५ बार दाब देत असेल आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के असेल, तर बाहेर पडणारी हवा सुमारे ८३ अंशांवर पोहोचते. दाब १ बार केला तर तेच तापमान १२५ अंशांच्या घरात जाते. गरम हवा विरळ असते, म्हणून ०.५ बार दाबाला हवेचे वजन दीडपट न होता फक्त सुमारे १.२८ पट होते. इंटरकूलरने, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरने, ती हवा ४५ अंशांपर्यंत थंड केली तर हेच प्रमाण सुमारे १.४३ पट होते. म्हणजे दाब न वाढवता केवळ थंड करून बरीच ताकद मिळते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नॉकिंगचा धोका घटतो.

ठिणगी पडल्यावर ज्वाला सिलिंडरमध्ये क्रमाने पसरत जाते. तिच्या पुढे उरलेले मिश्रण वाढत्या दाबाने आणि उष्णतेने तापत असते. ज्वाला पोहोचण्याआधीच ते स्वतःहून एकदम पेटले की दाबाच्या तीव्र लहरी उठतात. धातूवर ठोकल्यासारखा जो आवाज येतो, ते नॉकिंग. एरवी धातूच्या पृष्ठभागाजवळ थंड वायूचा एक पातळ थर असतो आणि तो पिस्टनचे रक्षण करतो. नॉकिंगच्या लहरी तो थर उडवून लावतात. मग रिंगांच्या मधल्या पट्ट्या तुटतात, पिस्टनच्या कडा झिजतात आणि हेड गॅस्केट फुटते. टर्बोमुळे इंजिन फुटले असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा बहुतेक वेळा दाबाने नव्हे, तर नॉकिंगने घात केलेला असतो.

या बाबतीत जुन्या इंजिनाची एक बाजू मात्र भक्कम आहे. पुष्कळ जुन्या इंजिनांचे कॉम्प्रेशन गुणोत्तर मुळातच ८ ते ८.५ च्या आसपास असते. बीएमडब्ल्यूने १९७३ च्या २००२ टर्बोमध्ये ते ६.९:१ पर्यंत उतरवले होते, पण त्या गाडीत इंटरकूलर नव्हता आणि टर्बो जागा होईपर्यंत इंजिन अगदी मंद वाटे. इंटरकूलर असेल आणि दाब ०.४ ते ०.५ बारपुरताच मर्यादित ठेवायचा असेल तर ८.५:१ वर काम भागते. कॉम्प्रेशन आणखी उतरवण्यासाठी दुप्पट जाडीचे हेड गॅस्केट घालण्याचा सोपा मार्ग अनेकजण धरतात. तो मला पटत नाही. पिस्टनची सपाट कड आणि हेड यांच्यातले साधारण १ मिलिमीटरचे अंतर मिश्रणाला जोराने मधोमध ढकलते, ज्वाला लवकर पसरते आणि नॉकिंगला वेळ मिळत नाही. जाड गॅस्केट हे अंतरच वाढवते. खोलगट माथ्याचे पिस्टन महाग पडतात, पण योग्य उपाय तोच आहे. फोर्ज्ड पिस्टन बसवताना रिंगांच्या टोकांमधली फट जास्त ठेवावी लागते. उष्णतेने रिंग फुगून तिची टोके एकमेकांना भिडली तर ती पिस्टनच फोडते.

ठिणगीची वेळ दाबानुसार मागे घ्यावी लागते. सुरुवातीचा अंदाज म्हणून ०.०७ बार दाबामागे सुमारे १ अंश असे प्रमाण धरतात, म्हणजे ०.५ बारला ७ अंशांच्या आसपास. जुन्या डिस्ट्रिब्युटरला दाब कळत नाही. त्याला फक्त फेऱ्या आणि निर्वात कळतो. सगळीकडे सारखेच ७ अंश मागे घेतले तर हलक्या भारावर गाडी सुस्त होते आणि एक्झॉस्ट विनाकारण तापतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा खरा फायदा इथे आहे: क्रँकशाफ्टवर दातेरी चक्र, इनटेकमध्ये दाबाचा सेन्सर आणि दोन्हींवरून प्रत्येक स्थितीसाठी वेगळी वेळ. घट्ट दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून स्पार्क प्लगची फट ०.८ वरून ०.६ मिलिमीटरवर आणतात आणि प्लगही जास्त थंड प्रकारचा घेतात.

इंधनाचे गणित हवेपासून सुरू होते. आपले इंजिन ५,५०० फेऱ्यांवर, ८० टक्के भरणक्षमतेने, टर्बोशिवाय मिनिटाला सुमारे ४.६ किलो हवा घेते. टर्बो आणि इंटरकूलरसह ती सुमारे ६.४ किलो होते आणि ताकद १२५ अश्वशक्तीच्या आसपास पोहोचते. साध्या चालण्यात पेट्रोलला १४.७:१ हे हवा-इंधन प्रमाण योग्य असले तरी दाबाखाली ते ११.५ ते १२.५ दरम्यान, म्हणजे इंधन जास्त, असे ठेवतात. १२:१ धरले तर मिनिटाला ५३० ग्रॅमच्या आसपास पेट्रोल लागते. चार इंजेक्टरांत वाटून आणि इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही असे ठरवून प्रत्येकी सुमारे २२५ सीसी प्रति मिनिट क्षमता येते. थोडी राखीव धरून २५० ते २७० सीसीचे इंजेक्टर घ्यावेत.

कार्बोरेटर ठेवायचाच असेल तर दोन मार्ग आहेत. कार्बोरेटर टर्बोच्या आधी ठेवला तर पेट्रोल कॉम्प्रेसरमधूनच जाते. त्यासाठी कॉम्प्रेसरला कार्बन सील लागते आणि इंटरकूलर वापरता येत नाही, कारण त्यात पेट्रोल पुन्हा द्रवरूप होऊन साचते. कार्बोरेटर टर्बोच्या नंतर ठेवला तर फ्लोट चेंबरवरही टर्बोचा दाब द्यावा लागतो, थ्रॉटलच्या दांड्याला सील लागते, पोकळ पितळी फ्लोट दाबाने चेपू शकतो आणि इंधनाचा दाब टर्बोच्या दाबाबरोबर वाढत राहिला पाहिजे. एरवी ०.२५ बार पुरेसा असणाऱ्या कार्बोरेटरला टर्बोच्या ०.५ बार दाबाच्या वेळी ०.७५ बार इंधनदाब लागतो. तो मिळाला नाही तर ऐन भाराच्या क्षणी इंधन कमी पडते आणि पिस्टन वितळायला तेवढे पुरते. जुन्या गाडीचे रूप जपण्याची इच्छा मी समजू शकतो, तरी इंजिन टिकवायचे असेल तर इंजेक्शन हाच विश्वासाचा मार्ग आहे.

तेल, एक्झॉस्ट आणि टर्बोचा आकार

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला एक लाखाहून जास्त, लहान टर्बोत दोन लाखांपर्यंत फेऱ्या करतो आणि साध्या प्रकारात तो तेलाच्या पातळ थरावरच तरंगत असतो. तेल आत जाण्याची नळी बारीक असली तरी चालते, कारण तिथे पंपाचा दाब असतो. बाहेर पडणारे तेल मात्र फेसाळलेले असते आणि केवळ गुरुत्वाने उतरते, म्हणून परतीची नळी रुंद, शक्य तितकी उभी आणि संपमधल्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातल्या) तेलाच्या पातळीच्या वर उघडणारी हवी. सील खराब नसतानाही धूर येणाऱ्या अनेक टर्बोंमध्ये दोष या नळीत किंवा क्रँककेसच्या वायुविजनात सापडतो. ब्रेक बूस्टरच्या आणि क्रँककेसच्या निर्वात नळ्यांना एकदिशा व्हॉल्व्ह असणे आवश्यक आहे, नाहीतर टर्बोचा दाब उलट्या दिशेने तिथे शिरतो.

पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट भाराखाली ८५० ते ९५० अंशांवर असतो. अर्धा मीटर लांबीचे स्टेनलेस मॅनिफोल्ड ७०० अंशांनी तापले तर सुमारे ६ मिलिमीटर वाढते. त्यावर टर्बोचे वजनही लटकलेले असेल तर वेल्डिंगला तडे जाणारच. म्हणून टर्बोला वेगळा आधार द्यावा. रस्त्यावरच्या गाडीसाठी बिडाचे जाड मॅनिफोल्ड दिसायला ओबडधोबड असले तरी जास्त टिकते. शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातल्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका मऊ असतात. शिशाशिवाय त्या झिजतातच आणि टर्बोच्या उष्णतेने आणखी लवकर झिजतात, म्हणून हेड उघडलेच आहे तर कठीण बैठका बसवून घ्याव्यात.

टर्बोचा आकार हा हौसेचा विषय नाही. लहान टर्बाइन लवकर वेग घेते, पण वरच्या फेऱ्यांवर एक्झॉस्टची वाट अडवते. मोठ्याचे उलट असते. साबने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ९९ टर्बोमध्ये लहान टर्बो आणि वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) वापरून मधल्या फेऱ्यांवरचा टॉर्क हेच ध्येय ठेवले, आणि जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनासाठी तो विचार आजही योग्य आहे. व्ही आकाराच्या इंजिनात दोन्ही बाजूंना एकेक लहान टर्बो लावला तर नळ्यांची लांबी वाचते, पण तेल, पाणी आणि उष्णता यांची सगळी कामे दुप्पट होतात. वेस्टगेटची रबरी नळी निसटली तर दाबाला मर्यादाच राहत नाही. म्हणून ठरलेल्या दाबापेक्षा थोडे वर इंधन तोडणारी सोय इंजिनाच्या संगणकात करून ठेवावी.

दोन्ही बदल एकत्र आल्यावर

१९५ न्यूटन-मीटर टॉर्क, पहिल्या गिअरचे ३.५ आणि डिफरन्शियलचे ४.१ गुणोत्तर यांचा गुणाकार सुमारे २,८०० न्यूटन-मीटर होतो, आणि मूळ इंजिनाचा होता सुमारे २,०००. मागच्या ॲक्सलला ही वाढ पहिल्याच सिग्नलवर जाणवते. पाचव्या गिअरचा प्रश्न मात्र हळूहळू उघडा पडतो. अनेक पाच गिअरच्या बॉक्समध्ये पाचवी जोडी मुख्य कप्प्याच्या मागे बसवलेली असते आणि सतत जास्त टॉर्क ओढण्यासाठी ती बनवलेली नसते. लहान टर्बो २,८०० फेऱ्यांवर पूर्ण दाब देतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन या टप्प्यातून क्षणात वर निघून जाते, त्यामुळे उष्णता साचत नाही आणि नॉकिंगही ऐकू येत नाही. पाचव्या गिअरमध्ये लांब चढावर मात्र ते मिनिटभर तिथेच अडकते. फेऱ्या कमी असल्याने शेवटच्या मिश्रणाला तापायला वेळ मिळतो, पिस्टन तापत जातो, आणि छोट्या फेरफटक्यात उत्तम वाटलेली गाडी महामार्गावर फुटते. उपाय दोन आहेत: २,५०० ते ३,२०० फेऱ्यांच्या टप्प्यात दाब कमी आणि ठिणगी मागे ठेवणे, आणि ट्यूनिंग करताना याच टप्प्यात डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) इंजिन भाराखाली काही काळ स्थिर धरून पाहणे. वरच्या फेऱ्यांची जास्तीत जास्त अश्वशक्ती मोजणारी एक धाव या बाबतीत काहीच सांगत नाही.

कामाचा क्रमही यावरूनच ठरतो. आधी कॉम्प्रेशन आणि गळतीची चाचणी घ्यावी. सिलिंडरांमध्ये १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर टर्बोचा विचार इंजिन बांधून होईपर्यंत थांबवावा. मग गिअरबॉक्स, क्लच, शाफ्ट आणि ब्रेक ही कामे करावीत आणि मूळ ताकदीवर गाडी काही काळ चालवून कंपन, आवाज आणि गळती तपासावी. त्यानंतर इंजेक्शन आणि इग्निशन टर्बोशिवायच बसवून गाडी व्यवस्थित चालू करावी. टर्बो सर्वांत शेवटी बसवावा, तोही वेस्टगेटच्या सर्वांत कमी दाबावर, एक्झॉस्टमधून हवा-इंधन प्रमाण मोजणारा वाइडबँड लॅम्डा सेन्सर जोडलेला ठेवून. या क्रमाने गेल्यास दोष आला तर तो कोणत्या बदलातून आला हे लगेच समजते. एवढ्या मोठ्या बदलांची नोंद त्या त्या देशाच्या वाहन नोंदणी आणि विम्याच्या नियमांप्रमाणे आधीच करून घ्यावी.

टर्बो लागल्यानंतर पहिल्या काही दिवसांतच स्पार्क प्लग काढून पाहावेत. चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे बारीक चमकते कण किंवा काळे ठिपके दिसले तर कानाला न ऐकू आलेले नॉकिंग होऊन गेले आहे, असे समजावे आणि ठिणगीची वेळ आणखी २ अंश मागे घेऊनच पुढचा किलोमीटर चालवावा.